बैलाचे शेवटचे आठ दिवस

चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानपट्ट्यात, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला, म्हणजे भोवतीच्या पट्ट्याला, खेटून असलेल्या एका गावात, २०२५च्या रोवणीत एक बैल मेला. त्या बीटच्या वनरक्षकाने मला फोन करून विचारलं, "डॉक्टर साहेब, मालक तयार झालाय. बैल टेकडीवर उघडा ठेवू का? गिधाडांना होईल." मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो. जनावर कशाने मेलं हे विचारणारे फोन मला रोज येतात. मेल्यावर ते कुणी खावं, हे विचारायला कुणी फोन करत नाही. त्या दुपारी काय झालं, का झालं आणि पुढे गावात काय ठरलं, काय फिसकटलं, ते इथे मांडतो आहे. गावाचं आणि माणसांची नावं वगळली आहेत.

त्या दिवशी आभाळात एकही गिधाड नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

पिंजोरहून बोटेझरीला

२१ जानेवारी २०२४ला हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून वीस गिधाडं विदर्भात आली. दहा पेंचला, दहा ताडोबाला. ताडोबात कोळसा नावाच्या वनपरिक्षेत्रातल्या बोटेझरीला त्यांच्यासाठी मोठा पिंजरा उभारला होता. इथलं ऊन, इथलं आभाळ सवयीचं व्हावं म्हणून पक्षी काही महिने त्यात ठेवले, पाठीवर जीपीएस यंत्रं बसवली आणि ऑगस्टमध्ये दार उघडलं. ताडोबातली गिधाडं पांढऱ्या पाठीची. ही जात झाडावर घरटं करते. लांब चोचीचं गिधाड कड्याकपारीत करतं. सपाट, झाडीच्या मुलखात पांढऱ्या पाठीची जात सोडण्यामागे हे एक साधं कारण दिसतं.

पिंजोरचं केंद्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरियाणा वनविभाग यांनी मिळून उभं केलं. २००१मध्ये ते आजारी गिधाडांचं शुश्रूषा केंद्र होतं, २००४पासून प्रजनन केंद्र झालं. पुढे पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसाममध्ये राणी आणि मध्य प्रदेशात भोपाळ इथेही केंद्रं निघाली. घाई का होती, ते आकड्यांवरून कळतं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून ९७ टक्क्यांच्या आसपास. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षीशास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी ही पडझड नोंदवली, तेव्हा कुणी रोगाची साथ म्हणत होतं, कुणी कीटकनाशकाला दोष देत होतं. २००४मध्ये संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून दाखवून दिलं की कारण डायक्लोफिनॅक आहे. गुरांच्या दुखण्यावर आम्ही सगळे सर्रास टोचत होतो तेच ते. गुराला आराम पडायचा, पण ते जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढून काळजावर, यकृतावर खडूसारखा पांढरा थर बसायचा. पक्षी मान टाकायचा आणि दोन-तीन दिवसांत खाली पडायचा.

गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू वाढून स्वतः वीण करायला साधारण पाच वर्षं लागतात. केंद्रात पहिलं अंडं काढून उबवणी यंत्रात ठेवलं तर जोडी दुसरं घालते, त्या युक्तीने संख्या थोडी वाढवता येते. तरीही हे कोंबड्यांचं खुराडं नव्हे. एकेक पक्षी म्हणजे काही वर्षांची मेहनत.

या प्रकरणापुरती केंद्रातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे. तिथल्या पक्ष्यांना बकऱ्याचं मांस देतात. बकरा बाजारातून आणला की लगेच कापत नाहीत. किमान आठवडाभर आपल्याकडे बांधून ठेवतात, म्हणजे आधी कुणी काही टोचलं असेल तर ते अंगातून निघून जातं. पिंजोरची सगळी शिस्त त्या आठवड्यात आहे. बोटेझरीचं दार उघडलं तेव्हा पक्षी बाहेर पडले. तो आठवडा पिंजोरलाच राहिला.

बैल

वय बारा-तेरा. चिखलणी करताना धुऱ्यावरून (बांधावरून) बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरताना घसरला आणि मागचे दोन्ही पाय फाकले. त्या रात्री लंगडत घरी आला. तिसऱ्या दिवशी बसला, मग उठलाच नाही. आठव्या दिवशी पहाटे गेला.

मी पोचलो तेव्हा तो गोठ्याबाहेर आडवा होता. आधी नाक, तोंड, गुदद्वार पाहिलं. तिथून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरून जनावर फाडायचंच नसतं, मग बाकीची चर्चा तिथेच संपते. तसं काही नव्हतं. पावसाळा म्हणून घटसर्प मनात होता, पण गळ्याला सूज नव्हती. बसलेलं जनावर जसं मरतं तसं हे मेलं होतं. एका कुशीवर पडून पडून अंगाला जखमा, पोट फुगलेलं, मागच्या पायांचे स्नायू कामातून गेलेले.

मानेवर डाव्या बाजूला सुईच्या खुणा होत्या. त्या अपेक्षित होत्या. दुसरी एक गाठ पुठ्ठ्यात, म्हणजे मागच्या पायाच्या वरच्या मांसात, होती, मोठ्या नसेच्या अगदी जवळ. सरावाचा हात बसलेल्या बैलाला तिथे सहसा टोचत नाही. ही गाठ मी लक्षात ठेवली, बोललो नाही.

"कोणती सुई दिली?" मी मालकाला विचारलं.

"दुखाची देली जी. पिवळी होती."

पिवळी म्हटल्यावर वनरक्षकाचा चेहरा खुलला. गिधाडांना निर्धोक ठरलेलं मेलोक्सिकॅम पिवळं असतं, हे त्याला कुठल्याशा प्रशिक्षणात सांगितलं होतं. खरं आहे. पण निमेसुलाइडचं इंजेक्शनही पिवळंच असतं, आणि ते गिधाडांना मारतं. रंगावरून औषध ओळखायचं ही पद्धत लाल मिरचीला चालेल, इथे चालत नाही.

औषध कुणी दिलं हे माहीत होतं. त्या भागात मोटारसायकलवर फिरणारा एक खासगी माणूस आहे, गाव त्याला डॉक्टरच म्हणतं. त्याच्यावर तुटून पडण्यात अर्थ नाही. रात्री साडेनऊला, वाघाच्या रस्त्यावरून, बसलेल्या बैलासाठी तोच येतो. आमच्या दवाखान्यातून त्या वेळी कुणी निघत नाही, आणि निघायचं म्हटलं तरी मंजूर पदं भरलेली असावी लागतात. त्याला फोन लावला. रेंजबाहेर. बफरमध्ये हे नेहमीचं.

आजी, मालक आणि वनरक्षक

इथे थोडं थांबायला हवं. कारण प्रकरणाचा कठीण भाग औषधाचा आहे असं बाहेरच्याला वाटतं, पण वनरक्षकाच्या दृष्टीने कठीण भाग मालकाला तयार करण्याचा होता, आणि तो केव्हाच पार पडला होता.

बैल बसल्या दिवसापासून तो मालकाला समजावत होता. मालक काही केल्या तयार नव्हता. "याच्या भरवशावर बारा वर्सं धान खाल्लं. पोळ्याले याच्या पाया पडलो. याले कुत्र्यायच्या तोंडी देऊ का?" त्यात चूक काहीच नव्हतं. उघड्यावर टाकलेलं जनावर आज कुत्र्यांच्याच तोंडी जातं. हा शेतकरी पन्नाशीच्या आतला आहे. गिधाडांनी जनावर खाल्लेलं त्याने लहानपणी कधीतरी पाहिलं असेल, आठवणीत नाही.

त्याच्या आईला आठवत होतं. म्हातारी ओसरीवर बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्या टायमाले सकाळी ढोर टाकलं तं दुपारपर्यंत हाडकं रायत. वासबी नाही ये. आता आठ-आठ दिवस कुत्रे भांडतेत." मग मुलाकडे वळून, "गिधाडं खातीन तं खाऊ दे रे. गेला तो गेला."

तिच्या सांगण्यातली एक गोष्ट तिने उच्चारली नाही, ती मी जोडतो. त्या काळी जनावर टाकायच्या आधी सोललं जायचं. गावाने ते काम एका समाजावर लादलं होतं. बाबासाहेबांनी ते सोडा म्हणून सांगितलं, आणि १९५६च्या नागपूरच्या दीक्षेनंतर विदर्भातल्या गावागावांत लोकांनी ते सोडलं. त्यांनी सोडलं ते योग्यच होतं. मात्र त्याजागी गावाने काहीच उभं केलं नाही. न सोललेल्या बैलाचं जाड कातडं फोडणं गिधाडाला जड जातं, कुत्र्याला वेळ मिळतो. गिधाडं परत आली की ती जुनी घडी आपोआप बसेल, असं बोलणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेला नसतो.

तर आई बोलली आणि मालक तयार झाला. वनरक्षकाने गावसमितीतल्या पोरांना दोर घेऊन बोलावलं. गावाबाहेरची टेकडी त्यांनी उन्हाळ्यातच पाहून ठेवली होती: विजेच्या तारांपासून लांब, चारी बाजूंनी मोकळी, उतरणाऱ्या पक्ष्याला धाव घ्यायला जागा असलेली. तेवढ्यात मी नको म्हणालो.

नको का म्हणालो

वनरक्षक चिडला. "साहेब, एका बैलाने काय होणार आहे? शंभरातल्या एखाद्याच जनावरात ते औषध सापडतं म्हणतात." त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. मेलेल्या जनावरांत विषारी किती असले म्हणजे गिधाडं एवढ्या वेगाने संपतील, याचं गणित संशोधक रिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये मांडलं. उत्तर आलं, दर १३० ते ७६० जनावरांमागे एक. तेवढं पुरेसं होतं.

हे इतकं थोडं कसं पुरतं, ते मी त्याला गोठ्याच्या दारात उभं राहून सांगितलं. गिधाड साधारण तीन दिवसांनी एकदा पोटभर खातं असं धरू. वर्षाला एकशेवीस जेवणं. त्यांतलं ७६०मध्ये एक विषारी असलं, तरी एका पक्ष्याला वर्षभरात ते ताट वाढलं जाण्याची शक्यता पंधरा टक्क्यांच्या घरात जाते. १३०मध्ये एक असलं तर साठ टक्के. उलट बाजूला जोडीमागे वर्षाला फार तर एक पिल्लू. शिवाय गिधाड एकटं जेवत नाही, एक बैल सापडला की आसपासची सगळी उतरतात. ताडोबात दहा सोडली होती.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की तो आकडा सगळ्या मेलेल्या जनावरांचा आहे, आणि आमच्यासमोरचा बैल त्यांतला सरासरी बैल नव्हता. वीज पडून मेलेल्या गाईला कुणी सुई दिलेली नसते. पाच दिवस बसून मेलेल्या बैलाला दिलेली असतेच. मालकाची माया जितकी जास्त, तितक्या सुया जास्त. टेकडीवर ठेवायला लोक आनंदाने देतील ती जनावरं बहुतेक अशीच असणार: म्हातारी, लाडकी, औषध झालेली. राज्यात २०१५पासून बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे म्हातारे बैल दावणीला किंवा गोशाळेत मरतात, आणि मरणाआधी त्यांना दुखणं कमी करायचं काहीतरी मिळतं. गोशाळेवर टीका म्हणून हे लिहीत नाही. गिधाडांसाठी खाद्य-जागा चालवणाऱ्याने सगळ्यांत आधी चौकशी तिथे करावी, एवढंच.

डायक्लोफिनॅकचा अंश सर्वांत जास्त मूत्रपिंड, यकृत आणि आतड्यांत राहतो, आणि टोचल्या जागेच्या मांसात. सुईनंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट, नंतर तो उतरत जातो. हे ऐकून सरपंचांनी सुचवलं, "मग किडनी, लिव्हर, आतडी काढून टाका, बाकीचं ठेवा." डोकं चालवलेली सूचना होती. पण किती सुया, कुठे कुठे, शेवटची कधी, हे कळल्याशिवाय टोचल्या जागा कापून काढणार कशा? आणि निमेसुलाइड असेल तर मूत्रपिंड काढल्याने जनावर निर्धोक होतं, असं सांगायला माझ्याकडे आधार नव्हता. प्रयोगशाळेत नमुना पाठवता आला असता. निकाल यायला दिवस लागले असते, ऑगस्टमधल्या बैलाला तास पुरतात.

म्हणून नियम सोपा ठेवला. शेवटच्या आठवड्यात काय टोचलं हे देणाऱ्याच्या तोंडून कळत नसेल, तर जनावर पुरायचं. औषध निर्धोक निघण्याची शक्यता किती, हे त्यात मोजायचं नाही. वनरक्षकाला हे जाचक वाटलं, आणि मालकापुढे त्याची पंचाईत झाली हेही खरं. पण बसलेल्या बैलाची खबर त्याला पाच दिवस होती आणि दवाखान्याला नव्हती. त्या पाच दिवसांत एक फोन आला असता तर सुई मीच दिली असती, आणि दुपारच्या प्रश्नाचं उत्तर सकाळी तयार असतं.

पुरण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नाल्यापासून आणि विहिरीपासून दूर, उंचावरची पडीत जागा शोधली, रस्त्याच्या कामावरचा जेसीबी संध्याकाळी मिळाला. चुना घराला लावायला आणलेला होता, तो वापरला. मालकाने दोन अगरबत्त्या लावल्या. पुरणंच त्याला पहिल्यापासून हवं होतं, त्यामुळे त्या दिवशी समाधान झालेला तो एकटाच.

चार अ‍ॅम्प्युल

खासगी डॉक्टर दुसऱ्या दिवशी स्वतःहून दवाखान्यात आला. गावात चर्चा पोचली होती, आपल्यावर केस होते की काय या धास्तीने आला होता. पिशवी उघडून त्याने टेबलावर मांडली. प्रतिजैविक, कॅल्शियम, जंताचं औषध आणि मेलोक्सिकॅम. बाटली अर्धी रिकामी, तारीख चालू. पहिल्या रात्री आणि तिसऱ्या दिवशी, दोन्ही वेळा मानेत, हेच दिलं म्हणाला. मला पटलं. मानेवरच्या खुणा जुळत होत्या. पुठ्ठ्यातली गाठ जुळत नव्हती.

ती जुळली काही दिवसांनी. मालकाचा मुलगा बाहेरगावी औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या मित्राला भेटला होता. बैल उठत नाही म्हटल्यावर मित्राने माणसाच्या दुखण्याच्या इंजेक्शनचे चार अ‍ॅम्प्युल, म्हणजे काचेच्या बंद कुप्या, दिले. मुलाने मेल्याच्या आदल्या संध्याकाळी ते चारही पुठ्ठ्यात टोचले. हे त्याने वनरक्षकाला सांगितलं. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

अ‍ॅम्प्युल डायक्लोफिनॅकचे होते, ३ मिलिलीटरचे (मिलिचे). आता हिशेब पाहा. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली २००६मध्ये. तरी माणसांसाठीच्या मोठ्या, ३० मिलिच्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून २०१५मध्ये माणसांसाठीचं पॅकिंग एका मात्रेपुरतं, ३ मिलिचं करण्यात आलं. ३ मिलित ७५ मिलिग्रॅम औषध. गुरांमध्ये किलोला एक मिलिग्रॅम या प्रमाणात ते वापरलं जायचं. तीनशे किलोच्या बैलाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे नेमके चार अ‍ॅम्प्युल. सरकारचा होरा असा की चार-चार काचेच्या माना मोडत बसायचा कंटाळा माणसाला थांबवील. रोज दहा जनावरं पाहणाऱ्याला तो थांबवतोही. घरात एकच जोडी आहे, रोवणी अर्ध्यावर आहे, जोडी मोडली तर भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहायची आहे, अशा मुलाला चार माना मोडायला किती वेळ लागतो?

बैल तेव्हा टेकडीवर ठेवला असता, तर शेवटच्या सुईला चोवीस तासही झाले नव्हते. यावरून माझा निर्णय बरोबर ठरला असं गावात बोललं गेलं. मला ते मान्य नाही. मुलाने सुई दिली नसती आणि बैलात फक्त मेलोक्सिकॅम निघालं असतं, तरी त्या दुपारी तो पुरणंच बरोबर होतं. निकालावरून नियम ठरवायला लागलो तर पुढच्या वेळी कुणीतरी नशिबावर भिस्त ठेवील.

यादी लांबते आहे, हेही नोंदवतो. एसिक्लोफिनॅक गुराच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. केटोप्रोफेनही गिधाडाला घातक. या दोन्हींवर जनावरांसाठी २०२३मध्ये बंदी आली, निमेसुलाइडचा क्रम त्यानंतर लागला. प्रत्येक वेळी आधी पक्षी मरतात, मग कागद निघतो, मग दुकानातला जुना साठा संपायची वाट. मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक अ‍ॅसिड निर्धोक ठरली आहेत, आणि बसलेल्या बैलाला ती कमी पडतात असं मला अनुभवात दिसलेलं नाही. बसलेला म्हातारा बैल कोणत्याच सुईने उठत नाही, ही अडचण आहे. मालकाला वाटतं औषध कमजोर आहे.

त्यानंतर

गावात बैठक झाली. वाघ-बिबट्याच्या वेळी धावून जाणारी प्राथमिक कृती दलातली पोरं होती, समिती होती, पोलीस पाटील होते. खासगी डॉक्टरलाही बोलावलं, आणि तो आला हे मला त्या बैठकीतलं सर्वांत मोठं यश वाटतं.

पहिला प्रस्ताव असा निघाला की दुखण्याची सुई दिली की जनावराच्या शिंगाला लाल दोरी बांधायची, आठ दिवसांनी सोडायची. सगळ्यांना आवडला. पंधरवड्यात पोळा आला. गावातल्या प्रत्येक बैलाच्या शिंगाला रंग, बेगड, दोऱ्या, गोंडे. कुणाची दोरी औषधाची आणि कुणाची हौसेची हे सांगणं अशक्य झालं आणि प्रस्ताव तिथेच विरला.

दुसरा टिकला आहे. जनावर बसलं की, मेल्यावर नव्हे, त्याच दिवशी पोलीस पाटलांकडच्या वहीत नोंद करायची: कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, औषध, देणाऱ्याचं नाव, तारीख. वही लिहिते त्यांची सून, ती बारावी शिकलेली आहे आणि कुणाला सोडत नाही. खासगी डॉक्टर त्यात स्वतःच्या हाताने लिहितो. मालकांचं तसं नाही. घरी आणून टोचलेलं कुणी सांगत नाही, कारण सांगितलं तर पोराला पोलिसात देतील ही भीती. म्हणून वहीवर विसंबून बसलेलं जनावर टेकडीवर जात नाही, आजही नाही. वहीचा फायदा उलट बाजूने झाला. नोंद आली की दवाखान्याला फोन येतो, आणि मेलोक्सिकॅम वेळेत पोचतं.

टेकडीवर काय जातं मग? वीज पडून मेलेली जनावरं. भरपाईसाठी पंचनामा आणि शवविच्छेदन लागतंच, त्यामुळे मी ते जनावर पाहिलेलं असतं, उघडलेलं असतं, आणि कातडं फाडायचा गिधाडांचा त्रास माझ्या सुरीने वाचलेला असतो. सापाने डसलेली, वाहनाखाली आलेली. मोजकीच, पण ज्यांचा शेवटचा आठवडा माहीत आहे अशी. कुत्र्यांसाठी पोरं पाळीने बसतात. आतापर्यंत कावळे आणि घारी उतरल्या आहेत.

वाघाने मारलेल्या गुराचं काय करायचं, याला आमच्याकडे उत्तर नाही. सुई घेतलेली गाय लंगडत चरायला जाते, वाघ मागे पडलेलीलाच धरतो, उरलेल्यावर गिधाडं उतरतात. ते जनावर टेकडीवर न्यायचा किंवा पुरायचा प्रश्नच येत नाही, कारण वाघाचं भक्ष्य उचलायचं नसतं.

बैठकीत एकाने रोखठोक विचारलं, आपल्या एका गावाने हे पाळून काय होणार? ताडोबातून सोडलेलं एन-११ नावाचं गिधाड पाच राज्यांतून, सुमारे चार हजार किलोमीटर उडून तामिळनाडूत गेलं, हे त्याने मोबाइलवर वाचलं होतं. वाटेत त्याने किती गावांतली जनावरं खाल्ली असतील? प्रश्न बिनतोड आहे. गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र म्हणतात ते शंभर किलोमीटर त्रिज्येचं असतं. बोटेझरीभोवती तेवढं वर्तुळ काढलं तर जवळजवळ अख्खा चंद्रपूर जिल्हा, गडचिरोलीचा पश्चिम भाग, वणीकडचा यवतमाळ, पवनीपर्यंतचा भंडारा, नागपूरचा दक्षिण भाग आणि तेलंगणाची कड आत येते. त्यातल्या प्रत्येक औषध-दुकानात आणि प्रत्येक मोटारसायकलच्या पिशवीत काय आहे, हे पाहणं पिंजरा बांधण्याहून स्वस्त आहे आणि फार कंटाळवाणं आहे. फोटो निघण्यासारखं त्यात काही नसतं. माझं मत विचारलंत तर पक्षी सोडायच्या आधी दोन वर्षं हेच काम चालायला हवं होतं, आणि सोडल्यानंतर थांबायला नको.

प्रकरण कागदावर अजून मिटलेलं नाही. जेसीबीवाल्याचं बिल राहिलं आहे. ग्रामपंचायत म्हणते जनावर वनविभागासाठी अडवलं होतं, त्यांनी द्यावं. वनविभागाच्या माणसाचं म्हणणं, पुरायला दवाखान्याने सांगितलं. आमच्या दवाखान्यात मेलेल्या जनावरावर खर्च करायचं हेडच नाही. मालकाने एकदा पैसे देऊ केले, ते पोलीस पाटलांनी घेऊ दिले नाहीत. पुढच्या मासिक सभेत विषय पुन्हा घेतला आहे.